शिवाजी पार्कची शंभरी: नाव, परवानग्या आणि तांबडी धूळ

कट्टावाचक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. १९२५ ला खुलं झालेलं दादरचं शिवाजी पार्क शंभर वर्षांचं झालं. वाचनालयाच्या आठ पानी पुस्तिकेसाठी मजकूर जुळवतोय, चार ठिकाणी गाडी अडली आहे.

१) १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नाव बदललं असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण जन्मसाल १६३० धरलं तर १९२७ ला २९७ वर्षंच होतात. चूक कुठे आहे?

२) जागा क्रीडांगण म्हणून राखीव आहे. मग सभा, संचलन, मेळावे कोणत्या आधारावर होतात? आणि 'शांतता क्षेत्र' असताना लाउडस्पीकर कसा लागतो?

३) तांबडी माती उपसून टाकली की धूळ थांबेल, असं अनेक जण म्हणतात. हे खरं आहे का?

४) ६ डिसेंबरला मैदानाचा नेमका उपयोग काय होतो? बाहेरगावच्या वाचकाला समजेल असं लिहायचं आहे.

---

माहीमची_झाडी

पहिल्या प्रश्नात चूक कोणाचीच नाही. १९२७ साली शिवजन्माची सर्वाधिक रूढ तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही होती, म्हणजे इ. स. १६२७. त्या हिशेबाने त्रिशताब्दी बरोबर १९२७ ला येते. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अर्थात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने २००१ मध्ये अधिकृत मानली. पुस्तिकेत 'तेव्हाच्या रूढ तिथीप्रमाणे' एवढे शब्द घाला, वाचक अडखळणार नाही.

१९२५ ते १९२७ या काळात नाव 'माहीम पार्क' होतं. नावबदलाची मागणी महापालिकेत अवंतिकाबाई गोखले यांनी लावून धरली. त्यांच्यावर चौकट जरूर करा. १९१७ मध्ये त्या गांधीजींच्या बोलावण्यावरून चंपारणला गेल्या होत्या, १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज उभा केला, पुढे नगरसेविका झाल्या. पार्कचं नाव घेताना हे नाव हटकून विसरलं जातं, आणि ते मला फार खटकतं.

मैदान का राखलं गेलं, हे समजायला आणखी मागे जावं लागेल. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीची मुंबई उत्तरेकडे पसरवायचं ठरलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याच धोरणाची फळं. इथे पूर्वी भातशेती आणि ताडामाडाच्या वाड्या होत्या. आधी मैदान मोकळं ठेवलं आणि मग त्याच्या भोवती १९३० च्या दशकापासून गोलसर गच्च्यांच्या, आर्ट डेको धाटणीच्या इमारती उठल्या. हा क्रम पुस्तिकेत ठळक करा. घरं आधी झाली असती तर एवढा सलग तुकडा राहिलाच नसता.

क्षेत्रफळ १,१२,९३७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २८ एकर. मात्र '२८ एकरांचं खेळाचं मैदान' असं लिहू नका. याच आकड्यात शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, उद्यान गणेश मंदिर, बंगाल क्लब, स्काउट-गाइडचा पॅव्हिलियन, नाना-नानी पार्क आणि मुलांची बाग येते. सलग माती यापेक्षा कमी आहे. कट्ट्यालगतची फेरी १.१७ किलोमीटरची आहे. चार फेऱ्या केल्या की ४.७ किलोमीटर होतात, चालणाऱ्यांना हा आकडा उपयोगी पडेल.

सभांचं म्हणाल तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे मैदान आचार्य अत्र्यांच्या भाषणांनी गाजलं. शिवसेनेची पहिली जाहीर सभा इथेच, ३० ऑक्टोबर १९६६ ला झाली. महाराजांचा अश्वारूढ पुतळाही १९६६ चा. तलवार उपसलेली नाही, हात पुढे केलेला आहे. छायाचित्र घेताना तो हात दिसेल असा कोन निवडा. बाळासाहेब ठाकरे यांच्यावर १८ नोव्हेंबर २०१२ ला आणि लता मंगेशकर यांच्यावर ६ फेब्रुवारी २०२२ ला या मैदानात अंत्यसंस्कार झाले. स्मशानभूमी नसलेल्या जागेसाठी ही अपवादाची बाब आहे, तिला नित्याच्या वापराच्या यादीत टाकू नका.

---

परवाना_खिडकी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, त्या सुट्या करून सांगतो.

पहिली गोष्ट जमिनीच्या वापराची. राखीव क्रीडांगणाचा तात्पुरता वेगळा वापर करू देण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७-अ मध्ये आहे. तिच्याच अनुषंगाने २० जानेवारी २०१६ च्या शासन निर्णयाने शिवाजी पार्कवर वर्षाला जास्तीत जास्त ४५ दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना दिले. महाराष्ट्र दिन, महापरिनिर्वाण दिन, दसरा मेळावा हे सगळं त्यात बसतं. उरलेले ३२० दिवस मैदान खेळाचं आहे. पुस्तिकेत हा आकडा मोठ्या अक्षरात छापा, कारण मैदान सभांसाठीच आहे असा बाहेरच्या माणसाचा समज असतो.

४५ दिवस म्हणजे ४५ कार्यक्रमही नव्हेत. २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला होता, उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबरच्या आदेशाने २ ते ६ ऑक्टोबर मैदान वापरू दिलं. एका संध्याकाळच्या सभेला उभारणी आणि आवराआवर धरून पाच दिवस लागले.

दुसरी गोष्ट आवाजाची. २००९ मध्ये रहिवाशांच्या बाजूने दाखल झालेल्या जनहित याचिकेत मे २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पार्क परिसर शांतता क्षेत्र मानायला सांगितला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत अशा क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. निवासी भागाची ५५ आणि ४५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. मोकळ्यावर चालणारं साधं संभाषणसुद्धा मीटरभरावर ६० डेसिबलच्या आसपास जातं, त्यावरून ५० म्हणजे किती कमी ते लक्षात येईल. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली: राज्य शासनाने जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणून आयोजकाने ऐकीव माहितीवर न विसंबता त्या वर्षीच्या परवानगीपत्रात लिहिलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कागदांची. अर्ज महापालिकेच्या जी/उत्तर विभाग कार्यालयात करायचा. सोबत मैदानाचा आराखडा हवा: मंच कुठे, तोंड कोणत्या दिशेला, वाहनं कोणत्या फाटकातून, रुग्णवाहिकेची वाट कोणती, फिरती शौचालयं किती. त्यानंतर स्थानिक पोलीस, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा आराखड्यामुळे. मंचाचा आकार लिहिलेला असतो, पण मागे जनरेटर, केबलची वाट आणि सामानाचे ट्रक यांना जागाच दाखवलेली नसते. मग आयत्या वेळी ट्रक खेळपट्टीवरून जातो.

---

हरळीवाला

मातीबद्दल. तांबडा रंग हा दोष नव्हे. दोष तीन आहेत: बारीक कणांचं प्रमाण जास्त, वर झाकण नाही, आणि रोज हजारो बूट तीच माती दळतात. हीच माती हरळीखाली असती तर उडाली नसती. उलट काळी माती आणून टाकली तर सुकल्यावर तिचीही भुकटी होईल आणि पावसाळ्यात बुटाला लोंबणारा चिखल वेगळाच.

आधी मोजा, मग उपसा. चाचणी सोपी आहे. काचेच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाका, पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाला बसते ती वाळू. दोन तासांत तिच्यावर जो थर येतो तो पोयटा, आणि त्यानंतर दिवसभर सावकाश बसते ती चिकणमाती. वरचे दोन थर मिळून निम्म्याहून जास्त उंची असली तर ती माती उघड्यावर उडणारच. मैदानात किमान दहा ठिकाणचे नमुने घ्या: गोलंदाजांच्या धावपट्ट्या, फाटकांच्या तोंडाशी, कट्ट्याच्या आतल्या बाजूला. धूळ सगळीकडून सारखी उठत नाही, ती रहदारीच्या जागांवरून उठते.

वरची माती काढणं हा उपाय अर्धाच आहे. काढलेल्या जागी जाडसर, वाळू-मुरूम मिश्रण न घालता ती तशीच सोडली, तर खालचा थर दोन मोसमांत दळून पुन्हा तसाच होतो. शिवाय नऊ इंच माती सगळ्या मैदानातून काढली तर पातळी खाली जाते, आणि मुंबईच्या पावसात त्याचं तळं व्हायला वेळ लागत नाही.

पाणी मारण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिशेबापुरती उघडी माती ८०,००० चौरस मीटर धरा. एका मिलिमीटरला ८०,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे आठ टँकर. हिवाळ्यात दोनदा मारायचं तर रोजचं १,६०,००० लिटर. एका मिलिमीटरच्या खाली मारलं तर फक्त रंग गडद दिसतो, तासाभरात धूळ परत येते. तीन मिलिमीटरच्या वर गेलात की वरचा थर निसरडा होतो आणि धावणारी मुलं घसरतात.

वेळ महत्त्वाची. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि धूळ पूर्वेच्या इमारतींकडे जाते. हिवाळ्यातल्या पहाटे हवा हलत नाही, उठलेली धूळ मैदानावरच लोंबकळत राहते, आणि नेमकी तीच चालणाऱ्यांची आणि नेट्सची वेळ. म्हणून पहिली फेरी पहाटे पाचच्या आत, दुसरी दुपारी दोन-तीनच्या दरम्यान. सकाळी नऊला टँकर फिरवणं म्हणजे पाणी वाया.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: रस्त्यावरची धूळ बसवायला मारतात ती क्षारांची द्रावणं. पहिले काही दिवस छान वाटतं, पण ते मीठ मातीत राहतं आणि पुढे तिथे गवत धरत नाही.

---

कट्टावाचक

फार उपयोगी. दोन शंका. मैदानात पावसाचं पाणी जिरवायला रिंगवेल (कड्यांच्या विहिरी) केल्या आहेत, मग टँकर कशाला लागतील? आणि सरळ गवतच का लावत नाहीत?

---

हरळीवाला

पाऊस भरपूर आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. ८०,००० चौरस मीटरवर दोन मीटर म्हणजे १६ कोटी लिटर. रोज १,६०,००० लिटर या दराने कोरड्या मोसमाचे २०० दिवस धरले तर गरज ३ कोटी २० लाख लिटरची. कागदावर पाचपट पाणी आहे. अडचण साठवण्याची. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. अशा जमिनीत गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगतं. रिंगवेलमध्ये पाणी जिरवलं की हा गोडा थर जाड होतो. पण एकाच विहिरीतून पंप जोरात चालवला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. म्हणून अनेक विहिरींतून थोडं थोडं उपसायचं, पंप सलग न चालवता थांबून थांबून, आणि दर पंधरवड्याला क्षारांचं माप घ्यायचं. मार्चनंतर आकडा चढायला लागला की त्या विहिरीला विश्रांती.

दुसरी गोम गाळाची. मैदानावरचं पहिल्या पावसाचं पाणी तांबडं असतं. ते थेट रिंगवेलमध्ये गेलं तर तळ लिंपला जातो आणि दोन-तीन वर्षांत विहीर पाणी पिईनाशी होते. तोंडाशी गाळ बसायला खड्डा, त्यापुढे मोठी खडी, बारीक खडी, जाड वाळू असे थर लागतात. मे महिन्यात वरची वाळू खरवडून बदलायची. हे काम राहिलं तर बाकी सगळा खर्च फुकट जातो, आणि हेच काम सर्वांत आधी राहतं.

गवताबद्दल: जात हरळीच. तुडवणं सोसते, थोडं खारं पाणी चालतं, सुकली तरी मुळातून फुटते. कांडी जूनच्या दुसऱ्या पावसानंतर लावायची, ओळी आणि कांड्या साधारण १५ सेंटिमीटरवर, आणि आठ ते दहा आठवडे त्यावर पाय पडता कामा नये. इथेच अडतं. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ही क्लबांची क्रिकेट स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळतात. गवत धरायचे महिने आणि लीगचे महिने एकच. शिवाय एका मैदानात अनेक क्लबांच्या खेळपट्ट्या, एकाची सीमारेषा दुसऱ्याच्या स्लिपमधून जाते. म्हणून एका वर्षी फक्त चौथा हिस्सा कुंपण घालून बंद, चार वर्षांत एक फेरी, हाच रस्ता मला दिसतो. सगळं एकदम हिरवं करू म्हणणारी योजना पहिल्या नोव्हेंबरातच उघडी पडेल.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या ग्रेट लॉनचं उदाहरण इथे लागू पडतं. अफाट गर्दीच्या मैफली आणि रोजचा खेळ यांनी तिथलं गवत जाऊन नुसती धूळ उरली होती. दोन वर्षं बंद ठेवून, माती आणि निचरा नव्याने करून १९९७ मध्ये ते परत उघडलं. आजही हिवाळ्यात आणि जोराच्या पावसानंतर ते बंद असतं. गवत पैशाने लागलं, टिकलं ते बंद ठेवण्याच्या शिस्तीने.

---

बल्ली_ते_ट्रस

त्या ४५ दिवसांतल्या प्रत्येक कार्यक्रमानंतर मैदान परत कसं द्यायचं, यावरही पुस्तिकेत अर्धं पान हवं.

मंडपाची बल्ली (लाकडी खांब) रोवायला साधारण फूटभर रुंद, दोन-अडीच फूट खोल खड्डा घेतात आणि ती घट्ट बसावी म्हणून भोवती दगड-विटा ठोकतात. कार्यक्रम संपल्यावर बल्ली निघते, दगड आतच राहतात आणि वरून माती लोटली जाते. पहिल्या पावसात ती माती खचते. क्षेत्ररक्षकाचा घोटा तिथेच मुरगळतो. बरोबर पद्धत अशी: दगड सगळे बाहेर काढायचे, तीच माती चार-पाच इंचांच्या थरांनी भरायची, प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने ठोकायचा, आणि शेवटी पातळीपेक्षा इंचभर वर ठेवायचा कारण तो बसणारच आहे. खड्डा कोरड्या मातीने भरून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचा पापुद्रा दबतो.

शक्य तिथे बल्लीऐवजी रुंद बैठकीचा ट्रस (धातूचा जोडसांगाडा) वापरावा आणि त्याला काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याच्या टाक्या यांचं वजन द्यावं. मैदानाला एकही भोक पडत नाही. पण समुद्राचा वारा कापडात भरतो आणि पूर्ण छत पालासारखं ओढ घेतं, म्हणून वजन अंदाजाने ठरवू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला घ्या.

खिळे हा सगळ्यांत दुर्लक्षित धोका. मंडप काढताना खिळे, तारेचे तुकडे, केबल बांधायच्या पट्ट्या मातीत मिसळतात. झाडूने निघत नाहीत. चाकांवरचा चुंबकी दांडा आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम असा दोनदा फिरवावा, माती ओली करण्यापूर्वी. ओल्या मातीत खिळा रुततो आणि चुंबकाला सापडत नाही. खेळपट्ट्यांना उभारणीच्या पहिल्याच दिवशी कुंपण घालावं, २२ यार्डांच्या पट्टीभोवती निदान दोन मीटर जास्तीचे. खेळपट्टीची माती वेगळी, चिकण, थराथराने दाबलेली असते. ट्रकचं एक चाक तिच्यावरून गेलं तर वरून रोलर फिरवून ती सुधारत नाही, तेवढा भाग खणून पुन्हा बांधावा लागतो.

---

माहीमची_झाडी

चौथा प्रश्न राहिला. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ ला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तीच आजची चैत्यभूमी. दर्शनाची रांग चैत्यभूमीची, आणि शिवाजी पार्क त्या लाखो लोकांचा निवारा. माणसं ४-५ तारखेपासून येऊ लागतात, बरीचशी विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने, आणि ७ ला परततात. मैदानात निवासी मंडप, पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टँकर, फिरती शौचालयं, स्नानाची सोय, आरोग्य कक्ष, माहिती कक्ष, मोबाइल चार्ज करायच्या जागा असतात. दुसरा मोठा भाग पुस्तकांच्या दुकानांचा. बाबासाहेबांचे ग्रंथ, बौद्ध साहित्य, चळवळीच्या पुस्तिका इथे विकत घेऊन गावोगावी जातात. तुम्ही वाचनालयाचे आहात, म्हणून सांगतो, या भागाला स्वतंत्र परिच्छेद द्या.

जमिनीच्या बाजूने पाहिलं तर हा वापर सभेपेक्षा वेगळा आहे. सभेत तीन तास गर्दी असते. इथे माणसं मातीवर झोपतात, जेवतात, लहान मुलं असतात. त्यामुळे ३ डिसेंबरच्या आत पाणी मारून, दाबून, जमिनीवर अंथरण घालणं ही शोभेची बाब नसून त्यांच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून करायची गोष्ट आहे. नळांखालची जागा नेहमी चुकते: सांडपाण्याला उतार दिलेला नसतो आणि पहिल्याच रात्री चिखल मंडपाकडे वाहतो. नळांची रांग मंडपाच्या खालच्या अंगाला, तळाशी खडी आणि पर्जन्यवाहिनीपर्यंत चर, एवढं केलं की भागतं.

दादर स्थानकाच्या पश्चिमेकडून रानडे रोडने चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. ६ तारखेला रस्ते वळवलेले असतात, तेव्हा पुस्तिकेतल्या नकाशावर नेहमीची वाट छापताना 'महापरिनिर्वाण दिनी पोलिसांच्या फलकांप्रमाणे जावे' अशी ओळ टाका.

---

परवाना_खिडकी

नकाशा काढत असाल तर फाटकांचे क्रमांकही घाला. क्रमांक पाचच्या फाटकाजवळ क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांचं स्मारक ३ डिसेंबर २०२४ ला सचिन तेंडुलकरच्या उपस्थितीत खुलं झालं. बाहेरून येणाऱ्या क्रिकेटप्रेमींचा पहिला प्रश्न तोच असतो.

---

कट्टावाचक

सर्वांचे मनापासून आभार. अवंतिकाबाईंची चौकट, ४५ आणि ३२० चा आकडा, पुस्तकांच्या दुकानांचा परिच्छेद, खड्डा भरण्याची पद्धत चित्रासह, हे पक्कं केलं. 'तांबडी माती' हे शीर्षक काढून 'उघडी माती' असं करतोय. बाटलीची चाचणी पुढच्या रविवारी दहा नमुन्यांवर करून आकडे याच धाग्यात टाकतो.